उत्तरेची खिडकी

लहान मुलांचे फोटो खिडकीच्या उजेडात काढा, असा सल्ला देणाऱ्यांच्या खिडकीला ग्रिल नसतं, ग्रिलला कबुतरांची जाळी नसते आणि जाळीमागे सासऱ्यांचे बनियन वाळत नसतात.

आमची खिडकी उत्तरेची. तिथून थेट ऊन जवळजवळ येतच नाही, त्यामुळे सावल्या मऊ पडतात. आणि खोटं कशाला बोलू, पांढरा बनियन उजेड पडद्यासारखाच छान गाळतो. फक्त तो पांढरा उरलेला असावा. आमच्याकडच्या बनियनांतून गाळलेल्या उजेडात चिरंजीवांना कावीळ झाल्यासारखी दिसते. "बाबा, काढू का थोडा वेळ?" विचारलं तर उत्तर ठरलेलं: "वाळले की काढ." शिवाय "अंधारात कसले फोटो काढतेस, सूनबाई?" म्हणत ते येता-जाता दिवा लावतात. मग मुलाचा एक गाल निळा आणि दुसरा पिवळा.

वर्षा-दीड वर्षाचं धावरं मूल फोटोत गोठवायला शटर फार तर सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडं राहायला हवं. घरातल्या उजेडात त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, १६००पर्यंत न्यावा लागतो. तेवढं करून मी तयार होते, तोवर खाली घंटागाडी येते. चिरंजीव धावत खिडकीशी! चेहऱ्यावर अप्रतिम उजेड, डोळ्यांत चमक. पण तो चेहरा घंटागाडीवाल्याला दिसतो, मला मानगूट दिसते. समोरून टिपायचं तर मला तिसऱ्या मजल्याबाहेर तरंगावं लागेल. हाक मारली की तो वळतो आणि थेट लेन्स चाटायला येतो. खिडकीपासून चार पावलं आत आला, की उजेडही संपला.

एकोणिसाव्या शतकात बराच काळ मुलांना काही सेकंद तरी स्थिर बसवावं लागे. म्हणून कित्येक फोटोंत आई अंगावर कापड घेऊन खुर्चीसारखी मागे लपलेली असे आणि मूल तिच्या मांडीवर. ही युक्ती मी सासूबाईंना सांगितली. त्या लगेच तयार झाल्या, कपाटातून पैठणी काढून नेसून आल्या. "अहो आई, तुम्हाला झाकायचंय." "मला? कशाला? माझा पदर नीट दिसतोय का ते बघ."

चिरंजीव मांडीवरून केव्हाच निसटले. सासूबाई मात्र हलल्या नाहीत. एका बाजूने मऊ उजेड, नथीवर नेमका ठिपका, पैठणीचा काठ धाग्या-धाग्यानिशी उठलेला. फोटो इतका झकास आला की त्यांनी तो त्याच दुपारी डीपीला लावला. कोपऱ्यात नातवाचं कोपर आहे, ते तेवढं कापून द्यायला सांगितलंय.