रात्री दीडचा हेंड्रिक्स

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी तेच भांडण होतं : जगातला सगळ्यात मोठा गिटारिस्ट कोण? मुंबईत सकाळचे सात वाजलेले असतात, मंडळी चहा घेऊन बसलेली असतात. इथे लंडनमध्ये हिवाळ्यातल्या रात्रीचा दीड. उशाशी फोन थरथरत राहतो. हेंड्रिक्स. पेज. गिलमोर. मग कुणीतरी 'क्लॅप्टन ओव्हररेटेड आहे रे' अशी काडी टाकतो आणि माझ्या झोपेचं खोबरं होतं.

हेच भांडण आम्ही तीस वर्षांपूर्वी मुंबईच्या रंगभवनच्या बाहेर उभं राहून करायचो. आत इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवात कुठलातरी बँड घामाघूम होऊन वाजवत असायचा आणि बाहेर आम्ही पाचजण, ज्यांतल्या एकालाच तीन कॉर्ड्स यायच्या, जागतिक क्रमवारी ठरवत असायचो. त्याआधी घरी बाबा आणि काका भीमसेन की कुमार यावर भांडायचे. ते ऐकत वाढलेल्या पोराला 'कोण मोठा' हा प्रश्न पडला नाही तरच नवल.

आता मी राहतो तिथून चालत वीस मिनिटांवर, डेटफर्डमध्ये, कौन्सिलच्या घरांची एक इमारत आहे. डायर स्ट्रेट्स या रॉक बँडने 1977 मध्ये पहिला कार्यक्रम इथे केला, अशी तिच्यावर पाटी आहे. मी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा चपला काढायच्या बाकी ठेवल्या होत्या. शेजारून एक बाई कपड्यांची बादली घेऊन गेली. त्या बँडच्या गिटारिस्टशी, मार्क नॉफ्लरशी, तिला काही देणंघेणं नव्हतं. ब्रूक स्ट्रीटवर तर आणखी मजा. 25 नंबरच्या घरात संगीतकार हँडेल 1723 पासून मरेपर्यंत राहिला आणि 1968 मध्ये शेजारच्या 23 नंबरात, वरच्या मजल्यावर, जिमी हेंड्रिक्स राहायला आला. मधे फक्त एक भिंत आणि दोनशे वर्षं. मी तिथला फोटो ग्रुपवर टाकला. उत्तर आलं, 'मज्जा आहे बाबा तुझी.'

मजा आहे, पण वेगळ्या कारणाने. इथेही हा वाद होतो. फक्त त्यात पुरावा म्हणून 'मी पाहिलंय' हे वाक्य येतं. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ 1970 च्या आइल ऑफ वाइट महोत्सवाला गेले होते. हेंड्रिक्स त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, 27 व्या वर्षी, गेला. मी अधीर होऊन विचारलं, कसं वाजवलं त्याने? ते म्हणाले, भयंकर थंडी होती, संडासाला रांग होती आणि तो मध्यरात्र उलटून गेल्यावर स्टेजवर आला तेव्हा मी झोपलो होतो. तरीही पबमध्ये त्यांचं मत शेवटचं. ते तिथे होते ना!

आम्ही कुठेच नव्हतो. आमच्याकडे फक्त कान होते आणि कॅसेटवरून कॅसेट केलेल्या, त्यावरून पुन्हा केलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटी. पिंक फ्लॉइडच्या गिलमोरचा तो लांब, रडका सोलो मी पहिल्यांदा मित्राच्या टेपरेकॉर्डरवर ऐकला. त्याची मोटर जरा जोरात फिरायची. इथे आल्यावर मूळ रेकॉर्ड ऐकली, तर सूर खाली आणि चाल सुस्त. मला तीच खोटी वाटली. म्हणजे माझा लाडका गिलमोर निम्मा केंब्रिजचा आणि निम्मा डोंबिवलीच्या त्या बिघडलेल्या मोटरचा. हे मी ग्रुपवर कबूल केलेलं नाही.

याद्यांचं म्हणाल तर, ग्रुपवर 'रोलिंग स्टोन' मासिकाची यादी पुराव्यासारखी फेकली जाते. हेंड्रिक्स तिच्यात कायम पहिला. 1966 च्या सप्टेंबरात तो लंडनला उतरला आणि आठवड्याभरात रीजंट स्ट्रीटच्या पॉलिटेक्निकमध्ये क्लॅप्टनच्याच बँडबरोबर वाजवून त्याने क्लॅप्टनला हादरवलं. तेव्हा त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 2011 च्या यादीत दुसरा असलेला क्लॅप्टन 2023 च्या यादीत पहिल्या तिसांतसुद्धा नाही. साठच्या दशकात वाजवलेलं मधल्या बारा वर्षांत बेसूर झालं का? बदलले ते यादी करणारे. सिस्टर रोझेटा थार्प पहिल्या दहांत आली. चर्चची गाणी गात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी ही बाई चक बेरीच्याही आधीची. ती आली हे उत्तमच झालं, पण ती इतकी वर्षं कुठे होती, हा प्रश्न ग्रुपवर कुणी विचारला नाही.

मी विचारणार होतो, पण मग मला माझ्याच यादीची लाज वाटली. तीत एकही आपला माणूस नव्हता. रंगभवनबाहेर भांडून घरी परत जाताना आम्ही टॅक्सीत जी गाणी ऐकायचो, त्यांत गिटार वाजवणारे भूपिंदर सिंग आणि भानू गुप्ता मुंबईतच राहायचे, लोकलच्या अंतरावर. 'दम मारो दम'ची ती सुरुवात भूपिंदरची. 'चिंगारी कोई भडके'च्या आधी जी गिटार छेडली जाते ती भानुदांची. आर. डी. बर्मनने ऐकली आणि तशीच ठेवली. मग भूपिंदरना आम्ही गायक म्हणून ओळखायचो आणि भानुदांना ओळखतच नव्हतो. रेकॉर्डच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक. वाजवणाऱ्याचं नाव नाही. नाव नाही म्हणून वाद नाही. परदेशी बँडच्या कव्हरवर ड्रमवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं असायची, ती आम्ही पाठ करायचो.

हे ग्रुपवर लिहिल्यावर बोरिवलीच्या मित्राने हाणलं, 'तिकडे गेलं की सगळ्यांनाच पंचम आठवतो.' खोटं नाही. मुंबईत असतो तर मी आजही गिलमोरसाठीच भांडलो असतो. दूर गेल्यावर आठवणींचा वास लागतो, आणि माझ्या कानाला तो लागलाय हे मान्य. पण म्हणून भानुदांनी वाजवलेलं कमी होत नाही.

आणि एक माणूस असा, जो दोन्हीकडच्या वादांत नाही. अमान्सिओ डिसिल्वा. मूळ गोव्याचा, 1936 चा मुंबईचा जन्म, जॅझ वाजवायचा. साठच्या दशकात लंडनला आला. 1969 मध्ये त्याचा 'इंटिग्रेशन' हा अल्बम आला आणि त्याच वर्षी जमैकाच्या सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबर 'हम दोनो'. गिटारमधून सतारीसारखी मींड काढायची हौस त्याला नाही. तो सरळ जॅझ वाजवतो आणि मधेच एखादी ओळ अशी टाकतो की वाटतं, ही आपण लहानपणी कुठेतरी ऐकली आहे. 1996 मध्ये तो गेला. मी इथे आलो त्याच्या कितीतरी नंतर आणि त्याचं नाव मला कळलं ते जुन्या रेकॉर्डच्या दुकानातल्या एका खोक्यात. किंमत बघून खोक्यात परत ठेवली. पुढच्या शनिवारी जाऊन घेतली.

ब्रिटिश गिटारिस्ट जॉन मॅक्लॉफ्लिन झाकीरभाईंबरोबर मुंबईत येऊन वाजवायचा तेव्हा आपण त्याला आपला म्हणायचो, आणि बरोबरच म्हणायचो. डिसिल्वाला कोण म्हणणार?

परवा रात्री पुन्हा दीड वाजता ग्रुप पेटला, तेव्हा मी काही न लिहिता 'हम दोनो'ची लिंक टाकली आणि फोन उलटा करून झोपलो. सकाळी बघितलं. निळ्या टिक्स सगळ्यांच्या. उत्तर एकच, बोरिवलीचं :

'ऐकलं. हा मालमस्टीनपेक्षा फास्ट आहे का?'