शेजारच्या पाटीवरचं गिऱ्हाईक

परवा एका ओळखीच्या मुलीचा मेसेज आला, ताई मी घरून मसाले विकायला सुरू करतेय, तुम्ही पण मसाले करता ना, तुम्हाला राग तर येणार नाही ना? मी दोन वेळा वाचला तो मेसेज. राग? मला भरून आलं खरं तर, कारण सहा वर्षांमागे मी पण अशीच बिचकत माझाच धंदा करणाऱ्या दुसऱ्या एका बाईला मेसेज केला होता आणि तिने जे उत्तर दिलं त्यावर आज माझं घर चालतंय. त्या मुलीला दोन ओळीत उत्तर देता येईना म्हणून हे सगळं इथेच लिहितेय, लांब होणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, लोहखनिजाच्या खाणींचा भाग. आमच्या भागात खाण म्हणजे काय होतं ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. दारात खनिज वाहायचा ट्रक म्हणजे सून आणायला निघालेल्या घराची पत होती. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ खाणींच्या लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर परत सगळं ठप्प. आमचा ट्रक ताडपत्री घालून अंगणात उभा, बँकेचे हप्ते मात्र चालूच. नवऱ्याने खूप धडपड केली, रेती, चिरे, जे मिळेल ते भाडं मारलं, पण एका गावात शंभर ट्रक आणि भाडी दहा असं असल्यावर कोण कोणाला किती पुरणार.

तेव्हा घरात नियमाने पैसे आणणारं माणूस एकच, माझी सासू. ती बुधवारी डिचोलीच्या बाजारात आणि शुक्रवारी म्हापशाला बसायची. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची साठवण करायच्या दिवसात सोलं (कोकमाची वाळवलेली सालं), आगळ (कोकमाचा खारा रस), चिंच, सुकी मिरची, फणसाचे पापड, आणि पाऊस लागला की कुळागरातलं, म्हणजे पोफळीच्या बागेतलं जे असेल ते, अळू, केळफूल, तोरिंग. मी तिच्याबरोबर मालाची पाटी उचलायला जायचे, आणि तिथे एक गोष्ट पाहिली जी मला आजपर्यंत कुठल्या सेमिनारमध्ये कोणी सांगितली नाही. म्हापशाच्या बाजारात एकाच ओळीत आठ बायका तेच सोलं घेऊन बसतात. तरी सासू चहाला उठली की बाजूची बाई तिचा माल विकते, पैसे तिच्या पिशवीखाली सरकवून ठेवते. गिऱ्हाईक म्हणालं "आगळ आहे?" आणि स्वतःकडे संपलेलं असलं की "ती बघ तिच्याकडे आहे, चांगलं असतं तिचं". मी एकदा विचारलं सासूला, अगो ती तुझं गिऱ्हाईक पळवत नाही? तर म्हणाली, पुढच्या शुक्रवारी मला पण तिच्याच बाजूला बसायचंय.

मग आला मार्च २०२०. बाजारच बंद. आणि वेळ बघा कशी, भिंडां लाल व्हायला लागलेली. भिंडां म्हणजे रातांबे, आम्ही कोकमाच्या फळाला भिंडां म्हणतो. ते फळ थांबत नाही, एप्रिल मेमध्ये पिकतं आणि पावसाच्या आत सगळं आटपावं लागतं. फोडायचं, बी आणि गर काढून त्याला जाडं मीठ लावायचं, जो रस सुटतो त्यात सालं बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची, परत उन्हात, असं पाच सहा दिवस. एक वळवाचा पाऊस आला की सगळी मेहनत बुरशीत. आम्ही करून तर ठेवलं, पण विकायचं कुठे? मी फेसबुकवर सासूचा आणि सुपांत वाळत घातलेल्या सोलांचा फोटो टाकला, दोन ओळी लिहिल्या, बाजार बंद आहे, माल घरचा आहे, हवा असेल तर सांगा. बस.

तीन दिवसात १४० ऑर्डरी. पुण्या-मुंबईतले गोंयकार, लग्न होऊन बाहेर गेलेल्या बायका, माझ्या शाळेतल्या मैत्रिणी, त्यांच्या मैत्रिणी. नवरा म्हणाला आता आपलं नशीब उघडलं. आणि माझी खरी फजिती तिथूनच सुरू झाली, कारण बाजारात गिऱ्हाईक स्वतःची बाटली नाहीतर पिशवी घेऊन येतं, घरी नेतं, विषय संपला. इथे आम्ही जुन्या पाण्याच्या बाटल्या धुऊन त्यात आगळ भरलं, टेप मारली, आणि कुरियर सुरू झाल्यावर पाठवलं. निम्म्या बाटल्या गळल्या. एका बाईचं सगळं पार्सल लाल, तिने फोटो टाकला, खाली अठ्ठावीस कमेंट. मी रात्रभर रडले. चूक आमचीच होती, पण सगळ्या जगासमोर ऐकून घ्यायची सवय नव्हती.

फोंड्याला एक ताई आहे. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. ती माझ्या कितीतरी आधीपासून हाच धंदा ऑनलाइन करत होती, आगळ, सोलं, लोणची, पापड, सगळं तेच. मी लाज सोडून तिला मेसेज केला, ताई बाटल्या तुम्ही कुठून घेता? मला वाटलं मेसेज बघून उत्तर न देता सोडून देईल, मी तिच्या जागी असते तर कदाचित तेच केलं असतं. संध्याकाळी तिचा फोन आला आणि दीड तास बोलली. बाटलीवाल्याचा नंबर दिला. झाकणाच्या आत फॉइलचा वॉड, म्हणजे गोल चकती, असतो आणि मशीनने गरम करून तो तोंडाला चिकटवतात, त्याला इंडक्शन सील म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मशीन आम्हाला परवडणारं नव्हतं, तर म्हणाली माझं घेऊन जा आठ दिवस, तुझं आटप आणि परत दे. फूड सेफ्टीचं रजिस्ट्रेशन केलंस का विचारलं, मी नाही म्हटलं, तर तिनेच समजावलं की उलाढाल वर्षाला १२ लाखाच्या आत असेल तर साधं रजिस्ट्रेशन पुरतं, फी वर्षाला १०० रुपये, एवढ्यासाठी घाबरतेस काय. (हे तेव्हाचे आकडे, आता करणाऱ्यांनी नवीन नियम बघून घ्या.) लेबलवर काय काय हवं, घटक, वजन, बॅच, तारीख, पत्ता, हिरवा ठिपका, सगळं लिहून पाठवलं.

आणि शेवटी जे बोलली ते मला सगळ्यात लागलं. म्हणाली, तू किंमत फार कमी लावलीस. फळाचे पैसे धरलेस, मिठाचे धरलेस, बाटलीचे धरलेस, तुझ्या सासूच्या हाताचे कुठे धरलेस? तू अशी विकत राहिलीस तर तू पण बुडशील आणि मला पण बुडवशील. त्याआधी मला वाटायचं स्वस्त देणं म्हणजे गिऱ्हाईकाला मदत. त्या रात्री आम्ही दोघी सासूसुना वही घेऊन बसलो आणि पहिल्यांदा तासांचा हिशेब मांडला. सासू म्हणाली इतकी वर्षं मी फुकट राबले काय गो. मला बोलायला शब्द नव्हता.

आता सोशल मीडियाबद्दल. लोक मला विचारतात रीच कशी वाढवायची, रील किती सेकंदाचं, कुठल्या वेळेला टाकायचं. माझा अनुभव सांगते. भाच्याने सासूचं एक रील केलं होतं, भिंडां फोडतानाचं, पाठीमागे आमचं मातीचं वाद्य घुमट वाजतंय, ते दोन लाखाच्या वर लोकांनी बघितलं. त्यातून ऑर्डरी आल्या अकरा. आणि माझ्या वहीत जे १८० नंबर आहेत, ज्यांनी एकदा तरी पैसे देऊन माल घेतलाय, त्यांना व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट टाकला की चाळीसच्या खाली कधी ऑर्डर येत नाही. ब्रॉडकास्ट मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये मी हाताने चिठ्ठी घालते, नंबर सेव्ह करा. रील वाईट असं मी म्हणत नाही, त्या रीलमुळेच माझ्या सासूला बाजारात लोक ओळखायला लागले आणि तिची मान जरा ताठ झाली, त्याची किंमत मी कशाला करू. पण फेसबुक, इन्स्टा ही दुसऱ्याची जागा आहे, तिथे आज कोणाला काय दाखवायचं ते आपल्या हातात नाही. वही आपल्या हातात आहे.

मदतीच्या नावाने काय काय चालतं ते पण लिहायला हवं. पोस्टखाली "मस्त गो, प्राऊड ऑफ यू" लिहिणारे खूप, आणि त्यातलेच इनबॉक्समध्ये येऊन "आपल्याला काय डिस्काऊंट?" म्हणणारे. मी त्यांच्यावर रागावत नाही, आपल्याकडे घरच्या वस्तूला किंमत लावणंच चुकीचं वाटतं लोकांना. पण खरं सांगते, ओळखीच्या माणसाने पूर्ण पैसे देऊन घेणं याहून मोठी मदत नाही. ओळखीचाच जर घासाघीस करणार तर अनोळखी माणसाने का द्यावेत पूर्ण? आणि काही चुकलं असेल तर आधी मला फोन करा. मी सुधारेन. सुधारलं की मग लिहा.

एका मोठ्या पेजवाल्याने मला गिफ्ट हॅम्पर आणि वर पैसे मागितले, म्हणाला आम्ही आमच्या स्वतःच्या आवडीने घेतलंय असं दाखवू. मी विचारलं पोस्टवर जाहिरात असं लिहाल का? २०२१ पासून अॅड कौन्सिलचे नियम आहेत आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही स्पष्ट सांगितलंय की पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली स्तुती तशी दिसेल असं लिहावं लागतं. त्यानंतर त्याचा रिप्लाय नाही. मला तो सौदा मान्यच नव्हता, कारण माझ्या गिऱ्हाईकाला खोटं सांगून आणलं तर ते दुसऱ्यांदा येईल कशाला.

आणखी एक, हे प्रत्येक नवीन मुलीने लक्षात ठेवा. मिलिटरीत आहे असं सांगून मोठी ऑर्डर देणारे फोन येतात, माल बघायचा नाही, भाव करायचा नाही, लगेच पेमेंट करतो म्हणतात आणि क्यूआर कोड पाठवून सांगतात स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. आमच्या वाड्यावरच्या एका मुलीचे साडेचार हजार असेच गेले, ती लाजेने कोणाला बोलली नाही, आणि आठवड्याने तोच प्रकार दुसरीकडे झाला. गेले तर लपवू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा आणि आपल्या ग्रुपवर पण सांगा.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी एवढं लिहितेय. २३ जुलै २०२१ चा पूर आठवत असेल. सत्तरी आणि डिचोली तालुक्यात घरं पडली, १९८२ नंतर एवढं पाणी पाहिलं नव्हतं असं म्हातारे सांगत होते. सत्तरीत आमच्यासारखाच धंदा करणारी एक वहिनी आहे, तिचा चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, भरून ठेवलेला सगळा माल गेला, पिठाचे डबे, पापड, गॅस, वजनकाटा. चवथ १० सप्टेंबरला, हातात दीड महिना. फोंड्याच्या ताईने आम्हा पाच सहा जणींना फोन केला, म्हणाली वर्गणी काढू नका, तिला वर्गणी नको आहे, मी विचारलं. तिला काम हवंय. मग आम्ही असं केलं, प्रत्येकीने एकेक वस्तू दिली, कोणी काटा, कोणी गॅसची शेगडी, मी साखर आणि रवा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकीने आपल्या पेजवर लिहिलं की यंदा चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) आणि लाडू माझ्याकडे मिळणार नाहीत, या वहिनीकडे सांगा, चव माझी जबाबदारी.

नवऱ्याला ते पटलं नव्हतं, खरं सांगते. ट्रक विकून झालेला, हप्ता संपायचा होता, आणि चवथीचा सीझन म्हणजे आमचं अर्धं वर्ष. दोन दिवस घरात बोलणं नव्हतं. सासूच म्हणाली, चहाला उठलेली बाई परत येईपर्यंत तिची पाटी कोण बघणार?

त्या वहिनीने त्या वर्षी शेजारच्या तीन बायका कामाला लावून ऑर्डरी पूर्ण केल्या. माझी गिऱ्हाईकं पुढच्या मे महिन्यात आगळ घ्यायला माझ्याकडे आली, आणि त्यांच्याबरोबर तिची काही गिऱ्हाईकं पण आली, कारण तिने प्रत्येक डब्यात माझा नंबर लिहून चिठ्ठी घातली होती. मला हे न सांगता.

तर मसालेवाल्या बाय, तुझ्या मेसेजला हे उत्तर. ये तू रविवारी घरी, मिरची आम्ही कोणाकडून घेतो ते सांगते, दळायला कुठे देतो ते पण. सीलचं मशीन आता माझं स्वतःचं आहे, आठ दिवस घेऊन जा. आणि बाकी सगळ्यांना, यंदाची सोलं संपली, आगळ थोडं शिल्लक आहे, फणसाचे पापड हवे असतील तर माझ्याकडे नाहीत, फोंड्याच्या ताईकडे आहेत, इनबॉक्समध्ये या, नंबर देते.