तांदळातली दुसरी बाई

परदेशात नोकरी लागली म्हटलं की सोलापुरात लोक आधी पगार विचारतात, मग तो रुपयात किती होतो ते विचारतात आणि मग डोळे बारीक करून विचारतात, "मग बायकापोरं?" बरोबरच नेणार म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो आणि तिथनं माझा टांगणीला लागतो. कारण एकट्यानं जाणं म्हणजे पासपोर्ट, व्हिसा आणि बॅग. चौघांनी जाणं म्हणजे आधी आपण चौघं एकमेकांचे कोण लागतो हे सरकारला पटवून देणं.

आम्ही चाललो होतो नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला. तिथं चार महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असलं तर पोचल्यापासून पाच दिवसांत तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवायचं, मग बीएसएन नावाचा एक नंबर मिळतो, आणि तो नसला की पगारापासनं विम्यापर्यंत सगळं अडतं. नोंदणीला काय लागतं तर सगळ्यांचे जन्मदाखले, आमचा विवाहदाखला, आणि त्या प्रत्येकावर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा आहे असं सांगणारा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का. आता आमच्या बाळीवेशीत कुणालाही झोपेतनं उठवून विचारा हा कुणाचा पोरगा, तर सांगतील, वर आजोबा कुठल्या मिलमध्ये होते तेही सांगतील. पण बाळीवेशीवर अपॉस्टिल मारून मिळत नाही.

सुरुवात माझ्यापासनं झाली. माझ्या जन्माच्या नोंदीत लिंग पुरुष, वडिलांचं नाव बरोबर, आईचं बरोबर, आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. त्या काळी दवाखाना नोंद कळवायचा, नाव ठरायचं बारशाला, आणि ते परत जाऊन सांगायला कोण मोकळं होतं? शाळेचा दाखला वगैरे जोडून रेघेच्या जागी मी आलो. ते तसं लवकर उरकलं.

मग लग्न. लग्नाला गावजेवण झालं, नवी पेठेत वरातीनं ट्रॅफिक जाम झालं, पण नोंदणी केलीच नव्हती. त्याला 1998 चा महाराष्ट्राचा कायदा आहे, त्याप्रमाणं तीन साक्षीदार पाहिजेत, लग्न लावणाऱ्याची सही पाहिजे, शिवाय पत्रिका, फोटो. साक्षीदार मिळतात हो, जेवणावर मिळतात. गुरुजी मात्र सोलापूर सोडून पुण्याला मुलाकडं गेलेले. फोन लावला तर म्हणाले, "त्या तारखेला मी पाच लग्नं लावलीत, तुझं कुठलं? ते माईक बंद पडलेलं का?" आमचंच ते. माईकवरनं ओळख पटली आणि सही झाली.

पण खरी गंमत पोरीच्या दाखल्यात होती. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत, परातीत तांदूळ पसरायचे आणि अंगठीनं नवीन नाव लिहायचं. बायकोनं आधीच सांगितलेलं, नाव बदलणार नाही, पासपोर्टपासनं डिग्रीपर्यंत सगळं माहेरच्या नावानं आहे. म्हणून तडजोड अशी ठरली की तांदळात लिहायचं, फोटो काढायचा आणि विषय संपवायचा. त्या तांदळाचा भात करून पाहुण्यांनी खाल्ला पण. फक्त आत्यानं ते नाव लक्षात ठेवलं. आणि पोरगी झाली तेव्हा दवाखान्यातला फॉर्म नेमका आत्याच्या हातात पडला.

त्यामुळं दाखल्यावर बापाच्या जागी मी आणि आईच्या जागी तांदळातली बाई. जिचं आधार नाही, पॅन नाही, पासपोर्ट नाही. दाखला घेऊन आम्ही दोघं संबंधित कार्यालयात गेलो.

"आईचं नाव तर हे आहे," खिडकीतले साहेब म्हणाले.

"हो, ते हिचंच आहे."

"मग ह्या कोण?" त्यांनी बायकोच्या पासपोर्टवर बोट ठेवलं.

"त्या पण ह्याच."

त्यांनी चष्म्याच्या वरनं आधी माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "ताई, तुम्हाला माहितीय का हे?"

पाठीमागच्या रांगेत जी शांतता पसरली ती मी सोलापुरात गड्ड्याची जत्रा उठल्यावर पण बघितली नाही. एक मावशी तर बायकोच्या खांद्यावर हात ठेवायला पुढं पण सरकल्या. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात अशी चूक दुरुस्त करायची सोय आहे, त्याला प्रतिज्ञापत्र लागतं आणि खरं काय ते माहीत असलेल्या दोन माणसांचे जबाब. माहीत असलेलं पहिलं माणूस अर्थात आत्या. आत्या आली, सही केली, पण बाहेर पडताना म्हणालीच, "नाव इतकं छान होतं की गं, कशाला काढायलाव?"

मग अपॉस्टिल. आधी राज्य सरकारचा शिक्का, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर, आणि तोही आपण जाऊन घेता येत नाही, ठरवून दिलेल्या एजन्सीतर्फे कागद जातात. मंत्रालयाची फी कागदामागं 50 रुपये, बाकी जे लागतं ते कागदांच्या प्रवासाला लागतं. हा सगळा करार 1961 सालचा, हेग कन्व्हेन्शन म्हणतात, भारत त्यात 2005 ला गेला. आणि हेग आहे कुठं, तर नेदरलँड्समध्येच. म्हणजे ज्यांच्याकडं चाललोय त्यांच्याच गावात हे ठरलेलं, तक्रार कुणाकडं करणार!

कागद झाले तशी आई बॅगांकडं वळली. बॅगेला 23 किलो, आणि आईच्या हिशोबात शेंगाची चटणी वजनात धरत नाहीत. कडक भाकरीचा बॉक्स, काळा मसाला, वर दोन सोलापुरी चादरी, "तिकडं थंडी असतीय म्हणून." रद्दीवाल्याचा हुकाचा काटा आणला, तर बॅग उचलताना काट्याचाच हूक सरळ झाला. युरोपात बाहेरनं मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळं तूप आणि पेढे गेले. कढीपत्त्याचं रोप गेलं, कारण रोपं, भाज्या, फळं यांना सर्टिफिकेट लागतं, सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. आईनं त्यातलं नारळ तेवढं ऐकलं आणि खोबऱ्याच्या वाट्या आत सारल्या. तर सुकं खोबरं युरोपच्या आधी विमानालाच चालत नाही, तेलकट असतं, आपोआप पेट घेणाऱ्या मालात मोडतं.

"सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पेटलं नाही ते," आई म्हणाली, "त्यांच्या एसीत पेटतंय व्हय?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. कुकर मात्र मी काढायला लावला, कारण तिकडच्या घरात इंडक्शन होतं आणि साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्याच्यावर तापतच नाही. मिक्सर बॅगेत राहिला, तिकडं पण 230 व्होल्टच आहे, फक्त आपली तीन पिनी त्यांच्या बोर्डात शिरत नाही म्हणून जाड अ‍ॅडॉप्टर घेतला. घराचं ऐकून तर आण्णा खुर्चीतनं उठलेच. तिथं बिनफर्निचरचं घर भाड्यानं घेतलं तर कधी कधी जमिनीवर लाकडी फ्लोअरिंग पण नसतं, दिवे नसतात, पडदे नसतात, आधीचा भाडेकरू सगळं उपटून नेतो. "मग भाडं कशाचं घेतेत बे, हवेचं?" सुदैवानं आम्हाला फ्लोअरिंगसकट मिळालं. आणि नळाला चोवीस तास पाणी, तरी बायकोनं पहिल्याच दिवशी दोन बादल्या भरून ठेवल्या, सवय.

नगरपालिकेत मी फाइल छातीशी धरून बसलेलो, प्रतिज्ञापत्रं, जबाब, लग्नाचा अल्बमसुद्धा. समोरच्या बाईंनी दाखले आणि पासपोर्ट तपासले, टाइप केलं, संपलं. बायकोची नोंद माहेरच्या नावानं. तिथं लग्न झालं तरी नोंदीत जन्माचंच नाव राहतं म्हणे. बायको घरापर्यंत हसत आली. रात्री व्हिडिओ कॉलवर आत्याला सांगितलं तर ती थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, "बारक्याच्या बायकोच्या वेळी तांदूळ कमी भिजवू."

आता एकच राहिलंय. परदेशी राहायला गेलं की इकडचं साधं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीचं, करून घ्यावं लागतं. फॉर्म ऑनलाइन आहे, सगळं भरलं, आणि शेवटी मी मीच आहे का हे बघायला बँकेनं ओटीपी पाठवला. तो गेला माझ्या जुन्या नंबरावर, ते सिम आण्णांच्या कपाटातल्या फोनमध्ये. तिकडं सोलापुरात रात्रीचे साडेअकरा. आण्णांना उठवलं.

"आला का मेसेज?"

"आलाय की. थांब, चष्मा बघतो."

चष्मा सापडला तोवर ओटीपी गेला, दुसरा मागवला. तो आला तेव्हा आण्णांनी तो मला सांगायला साफ नकार दिला. बँकेचा मेसेज त्यांनी पूर्ण वाचला होता, त्यात स्पष्ट लिहिलंय, ओटीपी कुणालाही सांगू नका.