'दीड तासात संपला' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

आमचा निंजा गेम विकत घेतलात, खेळलात आणि वर वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचा हिरमोड झाला याचं वाईट वाटतं, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. तुमच्या तक्रारी तीन आहेत: गेम दीड तासात संपतो, निम्म्या खोल्या रिकाम्या आहेत, आणि मार बसला की निंजा मागे फेकला जाऊन खड्ड्यात पडतो. शेवटी तुम्ही लिहिलंय, 'ही सरळ सरळ फसवणूक आहे.' बाकी सगळं ऐकून घेऊ, पण हा शब्द फार लागला.

गेम छोटा आहे हे आम्ही कुठेही लपवलेलं नाही. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या आमच्या स्टोअर पेजवर वर्णनाची पहिलीच ओळ वाचा: 'एका बैठकीत संपणारा छोटा गेम, पहिल्यांदा खेळताना साधारण २ तास.' ही ओळ रिलीजच्या दिवसापासून तिथे आहे आणि किंमतही त्याच हिशेबाने कमी ठेवली आहे. तुमच्या रिव्ह्यूवर खेळलेला वेळ १.८ तास दिसतो. म्हणजे दीड तास नव्हे, १ तास ४८ मिनिटं. आम्ही सांगितलं त्यापेक्षा १२ मिनिटं कमी.

गेम लांबवणं अवघड नव्हतं. त्याच शत्रूंना दुसरा रंग देऊन पुन्हा उभं करायचं, किल्ली मॅपच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायची, की झाले चार तास. खेळणाऱ्याचा वेळ असा खायचा नाही, हे आमचं दोघांचं आधीपासून ठरलेलं होतं. आणि खोल्या-वाटा शोधत फिरायच्या अशा गेममध्ये लवकर संपवणं हे कौतुकाचंच मानलं गेलंय. १९८६ च्या 'मेट्रॉइड'मध्ये तुम्ही गेम किती वेळात संपवलात त्यावर शेवट बदलतो, आणि एका तासाच्या आत संपवणाऱ्यांसाठी खास वेगळा शेवट आहे.

आता रिकाम्या खोल्या. तुम्हीच टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये वरच्या कोपऱ्यात मॅप ५८ टक्के दिसतोय. शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात मोठा शत्रू, तुम्ही पाडलात, पण ४२ टक्के किल्ला बघायचा राहिला. घंटेच्या बुरुजाखालची खोली घ्या. सुरुवातीला तिथून जाताना खरंच काही नसतं: एक कंदील, आणि उजव्या भिंतीत विटांची एक ओळ बाकीच्यांपेक्षा एका पिक्सेलने खाली सरकलेली. पुढे आकडीचा दोर मिळाला की छताच्या तुळईला लटकून झोका घ्यायचा आणि त्या विटांवर लाथ मारायची. भिंत फुटते, आणि मागे पाण्याखालून जाणारी अख्खी वाट उघडते. त्या वाटेच्या टोकाला जो बॉस आहे त्याच्यावर आमची सगळ्यात जास्त मेहनत गेली. तो तुम्हाला भेटलाच नाही, याचं खरं तर आम्हाला जास्त वाईट वाटतं. अशा जागी बाण दाखवला असता तर शोधायला काय उरलं असतं?

मार बसल्यावर मागे फेकलं जाणं ही जुन्या निंजा गेम्सची रीतच आहे. १९८८ चा 'निंजा गायडेन' ज्यांनी खेळलाय त्यांना पक्ष्याचा धक्का लागून खड्ड्यात जाणं म्हणजे काय ते पक्कं माहीत असेल. आम्ही पुष्कळ सौम्य ठेवलंय. कड्यावरून पाय सुटल्यावरही ६ फ्रेम, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, उडीचं बटण चालतं. खड्ड्यात पडलात तरी त्याच खोलीच्या दारात उभे राहता. आणि सेटिंग्जमध्ये धक्का बंद करायची सोयसुद्धा आहे.

एक गोष्ट लिहावी की नाही असं वाटत होतं, पण लिहितो. तुमच्या रिव्ह्यूवर पैसे परत घेतल्याची खूण आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर स्टीमवर पैसे परत मागता येतात. नियम चांगला आहे, तुमचा हक्क आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शेवटच्या बॉसचं दुसरं रूप सोपं वाटलं असंही तुम्हीच लिहिलंय. म्हणजे गेम शेवटपर्यंत खेळलात, मग पैसे परत घेतलेत, आणि वर फसवणूक केली आम्ही? हे नाही पटत. ज्यांचा गेमच दोन तासांचा आहे त्यांनी करायचं काय? किमान १० रिव्ह्यू झाल्याशिवाय स्टीम एकूण मत दाखवत नाही. आमचे आत्ता कुठे तेवढे झालेत. एवढ्या थोड्यांत एक नापसंतीचा अंगठा आला की टक्का लगेच खाली येतो, आणि बघणारे न थांबता पुढे जातात. पुढच्या गेमचं काम याच विक्रीवर चालू आहे.

तुमच्या सूचनांकडे दुर्लक्ष करणार नाही. मॅपवरच्या खुणांचं पुढच्या अपडेटमध्ये काहीतरी करतोय, फुटणाऱ्या विटा थोड्या उठून दिसतील का तेही बघतोय. स्टोअर पेजवरची वेळेची ओळ आजच ठळक केली आहे.

गेम आवडला नाही, तर तसं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मत बदला असं आम्ही म्हणणार नाही. फक्त 'फसवणूक' हा शब्द तेवढा काढावा, एवढी विनंती.

— गेम बनवणारे आम्ही दोघं