तालमीचा सभासद कुणाला म्हणायचं?

परवा तालमीची सभासदांची वही काढून बसलो होतो. २०१९ च्या महापुरात भिजलेली. पानं अजून फुगलेली आहेत, शाई पसरून दोन-तीन ठिकाणी नावं एकमेकांत मिसळलीत. मोजली तर १८४ नावं. त्याच संध्याकाळी सहा वाजता पटांगणात लाठी फिरवायला २९ जण होते. त्यातले १८ अठरा वर्षांच्या आतले, म्हणजे वहीत त्यांचं नाव नाही. उरले ११. वहीत नावं १८४, पटांगणात मोठी माणसं ११.

बारा वर्षं तालमीचं सेक्रेटरीपद सांभाळतोय. त्याआधी पंधरा-सोळा वर्षं त्याच पटांगणात मर्दानी खेळ शिकलो. लाठी, फरी-गदका (ढाल-काठी), विटा (दोरी बांधलेला भाला), दांडपट्टा, सगळं वस्तादांच्या हाताखाली. तालमीचं नाव लिहीत नाही, कारण हे फक्त आमच्या तालमीपुरतं नाही. पेठेतल्या ज्या ज्या तालमीच्या कार्यकर्त्याशी बोललो, त्यानं वही उघडायच्या आधी मान हलवली.

कोल्हापुरात तालीम म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगताना आपली नेहमी अडचण होते. त्याला वाटतं, लाल मातीचा हौदा आणि पैलवान. ते आहेच. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी ही नावं कुस्तीतल्या कुठल्याही माणसाला माहीत आहेत. पण पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल म्हटलं की शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो, आणि त्याही तालमीच. गणपती तालमीचा. मोहरमचा पंजाही कितीतरी तालमींत बसतो, आणि त्याच्यापुढं नारळ फोडणारे हिंदू घरांतले असतात. कुणाच्या घरी मयत झाली की तिरडीचं सामान आणायला तालमीतली पोरं पळतात. त्यामुळं गल्लीत जन्मलेला प्रत्येक जण स्वतःला तालमीचा सभासद समजतो. फॉर्म नाही, वर्गणी नाही. "आमची तालीम" म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

ही आपुलकी खरी आहे. तिच्यावरच शंभर वर्षं तालमी उभ्या राहिल्या, हे मला मान्य आहे. पण याच आपुलकीमुळं आमच्या तालमीतला खेळ मागं पडायला लागलाय, आणि ते मी गेल्या वर्षीच्या सभेत डोळ्यांनी बघितलं.

वार्षिक सभेला एरवी वीस-पंचवीस माणसं येतात. चहा होतो, हिशेब वाचला जातो, अध्यक्षांचे आभार, झालं. त्या दिवशी नव्वदच्या वर माणसं. उभं राहायला जागा नाही. कारण असं की तालमीच्या खात्यावर एक लाख दहा हजार शिल्लक होते आणि गणपती तोंडावर होता. आमचं म्हणणं साधं होतं. हत्यारांच्या खोलीचं छत गळतंय ते करून घेऊ, आणि लहान मुलांसाठी मॅट आणू, फरशीवर पडून गुडघे फुटतात. समोरून मागणी आली डॉल्बीची. मतदान घ्या म्हणाले. हात वर झाले. मोजायची गरजच पडली नाही.

त्या हातांत पुण्याला नोकरी करणारे होते, जे वर्षातनं गणपतीला चार दिवस येतात. पेठेतलं घर विकून उपनगरात गेलेले होते. पावती कधी फाडली हे ज्यांना स्वतःलाही आठवणार नाही असे होते. आणि मागं दाराजवळ एकोणीस वर्षांची एक मुलगी उभी होती. चार वर्षं ती रोज संध्याकाळी चौदा लहान मुलामुलींना पवित्रा शिकवते. परीक्षा असली तरी येते, पाऊस असला तरी येते. तिचा हात वर झाला नाही, कारण तिचं नाव वहीत नव्हतं. तालमीच्या घटनेप्रमाणे सभासद व्हायला ५०१ रुपये भरून अर्ज द्यावा लागतो आणि तो अर्ज भर, असं तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत ही मुलगी दांडपट्टा खेळते. पट्टा काय चीज आहे हे ज्यानं हातात घातलाय त्यालाच कळतं. मूठ बाहेर नसते. कोपरापर्यंत लोखंडाची खोळ, आत आडवा दांडा, तो मुठीत धरायचा. मनगट हलतच नाही. सगळा वार कोपरातनं आणि खांद्यातनं यायला लागतो, आणि पातं इतकं लवचिक की हात जरा चुकला तर ते फिरून आपल्याच पायावर येतं. हलगी-घुमक्याचा ठेका वाढत जातो आणि ती गरगर फिरत पुढं येते. लिंबू कापायच्या वेळी तळहात मी पुढं करतो. तीन वर्षं करतोय. लिंबाचे दोन तुकडे पडतात आणि तळहाताला फक्त गार वारा लागतो. मी माझा हात तिच्या पात्याखाली बिनधास्त ठेवतो, पण तालमीच्या छताबद्दल तिला मत नाही. हे मला पटत नाही. पटणारही नाही.

डॉल्बी वाजली. छत तसंच राहिलं. त्या पावसाळ्यात खोलीत पाणी ठिबकलं आणि दोन पट्ट्यांना अन् सगळ्या विट्यांच्या फाळांना गंज चढला. नवरात्रात आम्ही सहा जण पॉलिश पेपर, रॉकेल आणि खोबरेल तेल घेऊन तीन रात्री बसलो. वस्ताद खुर्चीवर बसून बघत होते. एकदाच बोलले, "आमच्या वस्तादानं दिलेलं पातं हाय त्ये, बाळ." बस, एवढंच.

आता दुसरी बाजूही लिहितो, कारण ती लिहिली नाही तर मी खोटा ठरेन. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. ४३ फुटांना धोक्याची पातळी, म्हणजे त्याच्याही वर बारा फूट पाणी. आमच्या तालमीत छातीएवढं पाणी आलं. हत्यारं वरच्या माळ्यावर नेणाऱ्यांत एक जण असा होता, ज्यानं आयुष्यात कधी लाठी धरली नाही. भाजीचा गाडा चालवतो. खांद्यावर पट्ट्यांचा भारा घेऊन तो चार वेळा त्या पाण्यातनं आत-बाहेर झाला. ही वही पण त्यानंच शर्टात घालून आणली. पुढं पंधरा दिवस चिखल उपसायला जे आले, त्यातले निम्मे न खेळणारेच होते. अशा माणसाला "तू सभासद नाहीस" असं सांगणारा सेक्रेटरी व्हायची माझी इच्छा नाही.

म्हणून वर्षभर विचार करून मी ज्या मतावर आलोय ते असं. तालमीत दोन प्रकारचे सभासद असावेत. जो खेळतो, शिकवतो, किंवा ज्याचं मूल अठराच्या आत आहे आणि रोज येतं तो पालक, हे खेळाडू सभासद. तालमीच्या पैशाचं आणि हत्यारांचं काय करायचं हे त्यांनी ठरवायचं. बाकी पेठ ही हितचिंतक सभासद. त्यांना सभेत बसायचा, बोलायचा, हिशेब मागायचा पूर्ण हक्क. उत्सवाची वर्गणी वेगळी, उत्सवाचा खर्च वेगळा, त्याचं मतदान त्यांनी जरूर करावं. पण खेळाच्या पैशाला हात लावायचा नाही. तो भाजीवाला माझ्या दृष्टीनं खेळाडू सभासद आहे. घटनेत त्याच्यासारख्यांसाठी "तालमीची विशेष सेवा केलेले" असं एक कलम घालायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही.

आणि खेळाडू सभासदानं महिन्याला शंभर रुपये द्यावेत. यावर घरातच वाद झाला, म्हणजे वस्तादांशी. ते म्हणाले, "इद्या इकायची न्हाई. पोरांकडनं पैसं घेतलं की वस्ताद नोकर हुतोय." वस्तादांचा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही, पण इथं मी त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिलो. पैसे विद्येचे नाहीत. चांगल्या भरीव वेळूच्या लाठ्या, तेल, लाईटबिल, फर्स्ट एडची पेटी, यांचे आहेत. वर्गणीत कमीपणा काय आहे? १९५२ ला खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले ते लोकांनी जमवलेल्या पैशावर. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी त्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक असं आलंय. कोल्हापुरात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. फरक इतकाच की तेव्हा लोकांनी खेळासाठी वर्गणी काढली होती.

वस्ताद दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शंभराची नोट माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "माझी पयली पावती फाड."

ज्याला शंभर जड जातील त्याचे कोण भरतो हे फक्त मला आणि भरणाऱ्याला माहीत असेल. वहीत प्रत्येकापुढं "जमा" एवढंच लिहिलेलं असेल. थकबाकीची यादी फळ्यावर लावायची सूचना एकानं केली होती. मी असेपर्यंत ते होणार नाही. त्या यादीत नाव बघून जो मुलगा मागं फिरेल तो परत येत नाही.

वहीचं महत्त्व मला एका अपघातानं शिकवलं, तेही सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका नऊ वर्षांच्या मुलाच्या भुवईवर लाठीचं टोक लागलं. रक्त बघून सगळे घाबरलो. मुलाचं पाळण्यातलं नाव आम्हाला माहीत, आडनाव माहीत नाही. वडिलांचा फोन नंबर नाही. घर कुठं, तर "त्या दुकानाच्या मागं". दवाखान्यात तीन टाके पडले, डोळा वाचला. वडील आले ते रागानं लाल होऊन, आणि त्यांचं एकच वाक्य होतं, "माझं पोरगं तुमच्याकडं येतंय हे तुमच्याकडं कुठं लिहिलंय?" कुठंच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून फॉर्म आहे. दोन फोन नंबर, रक्तगट, आधीची दुखापत किंवा फिट येते का, आई-वडिलांपैकी एकाची सही. फॉर्म नाही तर लाठी नाही. तो मुलगा आज आमच्यातला सगळ्यात चपळ विटा खेळणारा आहे आणि वडील कमिटीत आहेत.

पालक दुसरा प्रश्न विचारतात तो सर्टिफिकेटचा. शेजारच्या हॉलमध्ये कराटेचा क्लास चालतो. तिथं रंगीत बेल्ट आहेत, परीक्षा आहे, हजेरी आहे. तिथल्या सरांचा मला आदर आहे, त्यांच्याकडनं मी हजेरीपत्रक शिकलो. आपल्याकडं असे बेल्ट नकोत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आपल्या खेळात माणूस कुठवर आलाय हे वस्ताद त्याच्या हातात कुठलं हत्यार देतात त्यावरून सगळ्या पटांगणाला कळतं. पण २०२० च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं पंजाबचा गतका, मणिपूरचा थांग-ता, केरळचा कळरीपयट्टू आणि मल्लखांब यांना खेलो इंडिया युवा स्पर्धेत घेतलं, त्यात मर्दानी खेळ नव्हता, हे मनाला लागलं. २०२४ ला दांडपट्टा राज्यशस्त्र जाहीर झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर वस्तादांनी विचारलं, "राज्यात पट्टा खेळणारी पोरं किती?" कुणालाच सांगता आलं नाही. आमच्याच पेठेतली कुणाला सांगता आली नसती. खेळाला पुढं कुठंही मान्यता मागायला जायचं तर आधी खेळणाऱ्याचं नाव कागदावर पाहिजे. तालमीच्या वहीत नाही तर ते दुसरीकडं कुठनं येणार?

काही जण म्हणतात, हे सगळं कागदी घोडं आहे, तालीम कागदावर चालत नाही. आमची तालीम सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा, हिशेबाचं ऑडिट करायचं, हे कायद्यानंच आहे. ते जमतं, मग रोज घाम गाळणाऱ्याचं नाव लिहायला काय झालं?

मुलींबद्दल एक ओळ वेगळी लिहितो, कारण सभेत हा विषय नेहमी शेवटी येतो आणि राहतो. २९ पैकी १६ मुली आहेत. कपडे बदलायला त्यांना खोली नाही, त्या घरून तयार होऊन येतात आणि घामाच्या कपड्यांत घरी जातात. छत झालं की पहिलं काम ते.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता तालमीत विशेष सभा आहे. घटनादुरुस्तीचा ठराव मी मांडणार आहे. वर लिहिलेलं सगळं तिथं उभं राहून पुन्हा बोलेन, ज्याला पटत नाही त्यानं तोंडावर विरोध करावा, मी ऐकून घेईन. खेळाडू सभासदाचे अर्ज मारुतीच्या कोनाड्याशेजारी ठेवलेत. काल संध्याकाळपर्यंत ३१ भरून आलेत. पहिला त्या मुलीचा आहे. अनुभवाच्या रकान्यात तिनं लिहिलंय, "लाठी, विटा, पट्टा. चौदा मुलं."