पुंगळीपुराण

माझ्या भाच्याने बाराशे सीसीच्या हॅचबॅकला फ्री-फ्लो एक्झॉस्ट, म्हणजे धूर बिनअडथळा बाहेर सोडणारी रुंद पुंगळी, बसवून घेतला. तेव्हापासून तो रात्री कधी आला हे वॉचमनला वहीत लिहावं लागत नाही. अख्खी सोसायटी साक्षीला असते.

"मामा, इंजिन आता मोकळा श्वास घेतंय!"

घेतंय ना. घोरतंयसुद्धा.

परवा याच गाडीतून आम्ही साताऱ्याला निघालो. आई, ताई, पिशव्या, मी. खंबाटकीच्या चढाला आवाज विमानाचा आणि जागा उसाच्या ट्रकमागे. दुसरा गिअर टाकला तरी गाडी हलेना. कारण सोपं आहे. सिलिंडरमधून सुटलेला धुराचा एक झोत जाता जाता मागच्याला ओढून नेतो. पाइप वाजवीपेक्षा रुंद केला की कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, धूर रेंगाळतो, ओढ संपते, खालचा पिकअप बसतो. गॅरेजवाला म्हणे, "थोडं बॅकप्रेशर, म्हणजे धुराला उलटा दाब, लागतंच." अहो, अडथळा कुठल्या इंजिनाला आवडतो? त्याला हवा असतो धुराचा वेग. पाच हजार आरपीएमच्या पुढे चार-दोन घोडे वाढतही असतील, पण पुण्यात काटा तिथवर जायला रस्ता कुठाय? जास्तीची हवा कोंबणारं टर्बो इंजिन असतं, ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंग केलं असतं, तर थोडं तरी पदरात पडलं असतं. आमच्याकडे टर्बो फक्त भाच्यात आहे.

आवाजाची घुमघुम मारणारा रेझोनेटर काढल्यामुळे बरोबर ऐंशीच्या वेगाला गाडी अशी घुमायची की दाढा हुळहुळायच्या. आईने शांतपणे कानातलं मशीन काढून पर्समध्ये टाकलं आणि आम्हा सगळ्यांत तीच सुखात पोचली.

वर चेक इंजिनचा पिवळा दिवा कायमचा. गॅरेजवाल्याने धुरातलं विष कमी करणारा कॅटालिटिक कन्व्हर्टरच उतरवलाय. त्यातून बाहेर पडलेला धूर तपासणारा ऑक्सिजन सेन्सर बोंबलणारच. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. म्हणजे ताईच्या भाषेत, अंगावरचा दागिना उतरवून पुंगळी घातली. तो डबा आता कुठे आहे, हे विचारल्यावर भाचा विषय बदलतो. पीयूसीचं विचारल्यावरही.

शेवटी मी त्याला कायदा सांगितला. 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाज-धुराच्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड आहे, तुरुंगही होऊ शकतो. ढिम्म. मग मोबाइलवर पोलिसांचा व्हिडिओ लावला: रस्त्यावर ओळीने मांडलेले सायलेन्सर आणि त्यांवरून चालणारा रोडरोलर. भाचा पहिल्यांदाच गंभीर झाला. दोनदा पाहिला, आवाज वाढवून पाहिला.

"मामा," तो म्हणाला, "ह्या रोडरोलरला एक्झॉस्ट कुठला असेल रे?"