१० अब्ज डॉलर ‘दरवर्षी फुकट वाटप’? खुलासा

‘इस्लामिक बँक दरवर्षी १० अब्ज डॉलर जकातीतून गरिबांना फुकट वाटते’, असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. (जकात म्हणजे इथे नाक्यावरचा कर नव्हे, तर मुस्लिमांनी संपत्तीतून द्यायचे बंधनकारक धार्मिक दान.)

१० अब्ज हा आकडा हवेतून आलेला नाही. सौदी अरेबियातील जेद्दाच्या इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेने २००७ मध्ये गरिबी निर्मूलनासाठी ‘इस्लामिक सॉलिडॅरिटी फंड फॉर डेव्हलपमेंट’ सुरू केला. त्याच्या भांडवलाचे ते उद्दिष्ट होते, वार्षिक वाटप नव्हे. सौदी अरेबिया आणि खुद्द बँकेने प्रत्येकी १ अब्ज डॉलरचे वचन दिले. बँकेच्या बाकीच्या बऱ्याच सदस्य देशांनी मात्र हात आखडता घेतला आणि उद्दिष्ट फार दूर राहिले. खरी चर्चा व्हायला हवी ती यावर!

शिवाय हा निधी जकातीचा नाही, वक्फ स्वरूपाचा आहे. म्हणजे मुद्दल राखायचे, ते गुंतवायचे आणि उत्पन्नातून साक्षरता, व्यवसाय प्रशिक्षण, छोटे अर्थसाहाय्य अशी कामे करायची. अर्थसाहाय्यही बहुधा फुकट नसते. ‘मुराबहा’ पद्धतीत एखाद्या बाईला शिवणयंत्र हवे असेल, तर संस्था ते स्वतः विकत घेते, आपला नफा उघड सांगून तिला विकते आणि ती हप्ते फेडते. व्याज नाही, पण परतफेड आहेच.

बँकेचे ५७ सदस्य देश आहेत. भारत त्यांत नाही. त्यामुळे ‘नाव नोंदवा, पैसे मिळतील’ म्हणून आधार क्रमांक मागणाऱ्या कुणालाही तो देऊ नका.